'नीच ऑडियन्स'ला माहिती विकायचा कोर्स घेतला, त्याचा रिव्ह्यू (लांबलाय, सवडीनं वाचा)

कोर्सच्या पहिल्याच व्हिडिओत सर म्हणतात, "सबसे पहले अपनी नीच ढूंढो." मी ओट्यावर बसून मोबाईलच्या स्पीकरवरच ऐकू लागलो होतो, शेजारी अण्णा सुपारी कातरत बसलेले, त्यांनी अडकित्ता थांबवला अन् म्हणले, "कोणाला नीच म्हणू लागलाय रे ह्यो? पैसे देऊन शिव्या ऐकायल्यास का?" मग त्यांना सांगितलं की अण्णा, ते निश असतंय, इंग्रजी शब्द आहे, म्हणजे सगळ्या गावाला माल विकत बसायचं नाही, ज्यांची अडचण एकसारखी आहे असे ठरावीक थोडे लोक धरायचे अन् त्यांनाच विकायचं. अण्णा म्हणले, "मंग भावकी म्हण की सरळ." अन् परत सुपारी कातरू लागले.

मी हसलो तेव्हा. कोर्समधी ४२ व्हिडिओ आहेत, सगळे बघितले, अन् आता चार महिन्यांनी वाटतंय की अण्णांचं वाक्य त्यात ४३वं म्हणून टाकायला पाहिजे होतं.

आधी माझं सांगतो म्हणजे रिव्ह्यू कोणत्या माणसाचा आहे ते कळंल. मी गेवराई तालुक्यातला, चॉकी सेंटर चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले आठवडाभर लई नाजूक असतात, दोन मोल्ट (मोल्ट म्हणजे अळीनं कात टाकणं) होईपर्यंत त्या मी माझ्याकडं तुतीच्या कोवळ्या पाल्यावर वाढवतो, मग शेतकरी आपापल्या शेडवर घेऊन जातो. एका मादी पतंगानं घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज, असे १०० अंडीपुंज म्हणजे ४० ते ५० हजार अळ्या. एवढे जीव एकदम घरी आले की नवा शेतकरी घाबरतोच, अन् घाबरला की फोन मला. पहाटे पाचपास्नं सुरू. प्रश्न फिरून फिरून तेच पंधरा-वीस. माझा मेहुणा संभाजीनगरला असतो, तो दिवाळीत आला तेव्हा त्यानं दोन दिवस हे फोन ऐकले अन् म्हणला, "दाजी, लोक ह्या माहितीचे पैसे घेतात अन् तुम्ही मिस्ड कॉलवर वाटू लागलात." त्यानंच ह्या कोर्सची रील पाठवली. माहिती हाच माल, पीडीएफ करा, व्हिडिओ करा, पेड ग्रुप काढा, ठरावीक लोकांना विका, घरबसल्या कमवा वगैरे वगैरे.

कोर्सचं नाव घेत नाही, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही अन् असले कोर्स पैशाला पासरी आहेत, नाव वेगळं असलं तरी आतला मसाला एकच असतोय. तुम्ही जो घ्यायच्या विचारात आहात तो बहुतेक हाच निघंल.

घेतानाचा अनुभव

रविवारी सकाळी ११ ला ९९ रुपयांचं वेबिनार. दोन तास चालला, त्यातला दीड तास सरांच्या गाडीचा अन् बाली ट्रिपचा. शेवटी ऑफर, ४९,९९९ ची किंमत आज फक्त ४,९९९, वर लाल घड्याळ उलटं पळू लागलेलं, दहा मिनिटं राहिली, नऊ राहिली. माझ्या बायकोनं मागून बघितलं अन् म्हणली, "आवो कामून घाई करायलेत, उद्या बी असंलच की." तिचं ऐकलं नाही. बटण दाबलं तर पुढच्या पानावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ५,८९८ रुपये ८२ पैसे. जीएसटी लागतोच, तक्रार नाही, पण मग आधीच धरून सांगा की, शेवटच्या पानावर गेल्यावर काय सांगता. अन् त्याच्या खाली बारीक अक्षरात एक चौकोन आधीच टिक करून ठेवलेला, 'टेम्प्लेट बंडल ४९९'. तो मला दिसलाच नाही. मेसेज आला तेव्हा कळलं जास्तीचे पैसे गेले म्हणून.

इथं एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. हे असलं करायला आता मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'वर, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, १३ प्रकार दिलेत त्यात, खोटी घाई करणं, गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं, किंमत तुकड्यातुकड्यानं सांगणं, हे तिन्ही त्यात आहेत. मी त्यांना मेल केला की ४९९ परत करा नाहीतर १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला, तक्रार टाकतो. तिसऱ्या दिवशी ४९९ परत. मुख्य कोर्सचे मात्र नाही, त्याला '३० दिवसांची मनीबॅक गॅरंटी' आहे पण अट अशी की सगळे असाइनमेंट पूर्ण करून दाखवा, जाहिरातीवर पैसे खर्च केल्याचे स्क्रीनशॉट द्या, अन् तरीबी विक्री झाली नाही तर. म्हणजे बुडायचं तर आधी अजून तीन-चार हजार घालून बुडायचं.

आत काय आहे अन् त्यातलं काय खरंच चांगलं आहे

चांगलं आहे ते आधी मोकळ्या मनानं सांगतो, कारण आहे.

व्हिडिओ ३. ह्यात सर म्हणतात तुमचा गिऱ्हाईक कोण ते लिहा, मग तो अर्धा करा, मग परत अर्धा करा, भीती वाटंपर्यंत बारीक करत जा. मी लिहिलं, शेतकरी. मग रेशीम शेतकरी. मग बीड-जालन्याचे रेशीम शेतकरी. मग थांबलो, कारण ह्याच्या खाली गेलो तर उरतंय कोण. पण सर म्हणले अजून एकदा, मग लिहिलं, ज्याची पहिली नाहीतर दुसरी बॅच आहे असा शेतकरी. अन् खरंच तिथं डोक्यात उजेड पडला. ज्यानं वीस बॅच काढल्यात तो मला कशाला पैसे देईल, तो मलाच शिकवून जाईल. पण ज्यानं मनरेगातून तुती लावली, शेड बांधलं, अन् आता पहिल्यांदा ५० हजार अळ्या समोर वळवळ करू लागल्यात त्याला रात्री झोप नसती. त्याला माहिती नको असती, त्याला कोणीतरी पाहिजे असतंय.

व्हिडिओ ६ पण चांगला. गिऱ्हाईक जे शब्द वापरतो तेच जाहिरातीत वापरा, तुमचे शहाणपणाचे शब्द नको. असाइनमेंट होती की आठ दिवस लोकांचे प्रश्न जसेच्या तसे लिहून काढा. मी चॉकीच्या हिशोबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत गेलो. "भाऊ, मोल्टला बसल्यात का मेल्यात कळंना गेलंय." "पाला टाकला तर खालीच राहायलाय, वर कोणी येईना." "शेजाऱ्यानं कपाशीवर फवारलंय, वारं आपल्याकडं हुतं, आता तुतीचा पाला टाकू का नको?" "दोन-चार पिवळ्या पडल्यात, काढून टाकल्यात, समदा डाव जातो का काय?"

ह्याच्या आधी मी पीडीएफला नाव ठरवलं होतं 'रेशीम कीटक संगोपनातील आधुनिक तंत्रज्ञान'. बीएस्सी ॲग्री केल्याचा परिणाम. वही भरल्यावर नाव केलं, 'अळी मोल्टला बसली का मेली, कसं ओळखायचं'. मोल्टच्या वेळी अळी डोकं वर करून गप बसती, खात नाही, नवा माणूस बघतो अन् त्याच्या पोटात गोळा येतो, मग तो काळजीनं अजून पाला टाकतो, खालचं बेड ओलं होतंय, अन् ज्या लवकर उठल्या त्या खाऊ लागतात, ज्या उठल्या नाहीत त्या मागं राहतात, बॅच मागंपुढं झाली की शेवटपर्यंत जमत नाही. त्या वेळी चुना मारून बेड कोरडं ठेवायचं अन् जवळपास सगळ्या उठल्याशिवाय पाल्याला हात लावायचा नाही, एवढंच सांगायचं असतंय. पण ते सांगायला दार कोणतं, तर त्याची भीती. हे मला कोर्सनंच शिकवलं, नाकारत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'ड्रिप', सगळी माहिती एकदम अंगावर ओतायची नाही, थेंब थेंब द्यायची. आपल्याकडं ठिबक कोणाला सांगावं लागत नाही. सर म्हणतात रोज एक मेल पाठवा. आता ईमेल आमच्यात कोण उघडतंय, तो फक्त प्ले स्टोअर चालू करायला काढलेला असतो. पण हीच गोष्ट मी व्हॉट्सॲपवर केली अन् रेशमाला ती अशी फिट बसली की विचारू नका, कारण रेशमाची बॅच म्हणजे कॅलेंडरच आहे. अळ्या कोणत्या तारखेला नेल्या ते मला माहीतच असतंय. तिथून तिसरा मोल्ट कधी, चौथा कधी, पाचव्या अवस्थेला पाला किती वाढवायचा (सगळ्या आयुष्यात खातात त्याच्या ८० टक्क्यांच्या वर पाला ह्या शेवटच्या सात-आठ दिवसातच खातात, नवा माणूस इथंच पाल्याला कमी पडतो), अळी पिकायला लागली की चंद्रिका (ज्यावर अळी कोष विणती ती जाळी) कधी टाकायच्या, कोष कितव्या दिवशी तोडायचे. मी प्रत्येक टप्प्याला एक-दीड मिनिटाचा आवाजातला मेसेज करून ठेवला अन् ज्याची जशी तारीख तसा पाठवत गेलो. "राम राम, आज तुमच्या अळ्या मोल्टला बसायच्या, संध्याकाळचा पाला टाकायच्या आधी एकदा बेड बघा." एका काकांनी फोन करून विचारलं, "भाऊ, तुम्ही आमच्या शेडमधी कॅमेरा लावलाय का?"

आता जे पटलं नाही ते

सगळ्यात आधी ते बर्गरवालं. सर 'माझ्या अनुभवातून' म्हणून सांगतात की समजा बर्गरची गाडी टाकायची असली तर मला चांगली जागा नको, चांगला मसाला नको, फक्त भुकेली गर्दी द्या. लई भारी गोष्ट आहे, पण ती गॅरी हॅलबर्ट नावाच्या अमेरिकन कॉपीरायटरची, म्हणजे जाहिराती लिहिणाऱ्याची, आहे, हे जाहिरातवाले पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत. निदान नाव घ्यायचं. जो माणूस दुसऱ्याची माहिती आपली म्हणून विकतो तो मला माझ्या माहितीची राखण कशी करायची ते काय शिकवणार, अन् झालंही तसंच, पुढं सांगतो.

मग 'बोल्ड प्रॉमिस'. टेम्प्लेट असं की, इतक्या दिवसात इतके रुपये, मोठा आकडा, मोठा फॉन्ट. मी पण लिहिलं, काय सांगायचं, लाज वाटती आता. '१०० अंडीपुंजाला १०० किलो कोष, पहिल्याच बॅचला!' आपल्याकडं पहिल्या बॅचला ५०-६० किलो निघाले तरी माणूस पेढे वाटतो, ७०-८० काढणारा मुरलेला असतोय. हे मला माहीत होतं अन् तरी लिहिलं, कारण टेम्प्लेटमधी रिकामी जागा होती अन् रिकाम्या जागेत मोठा आकडाच शोभतोय. जाहिरातीचं ते चित्र मी स्टेटसला ठेवलं अन् संध्याकाळपर्यंत तीन जुन्या शेतकऱ्यांचे फोन. एकानं फक्त एवढंच म्हणलं, "भाऊ, माझ्या शेवटच्या बॅचला ६२ निघाले. तुमच्या चॉकीतलेच हुते. उरलेले ३८ कुठं गेले तेवढं सांगा." स्टेटस काढून टाकलं.

फेसबुकची जाहिरात. कोर्स म्हणतो रोज ३०० रुपये, दहा दिवस. ३,००० अन् वर १८ टक्के जीएसटी, ३,५४० गेले. शेतीची आवड असलेले, वय २५ ते ५५, मराठी, असं सगळं टाकलं. लाईक आले, लई आले, कोल्हापूरकडची पोरं 'लय भारी सर' म्हणून गेली, एकानं इचारलं रेशीम म्हणजे साडीचा बिझनेस का. विक्री झाली ११, १४९ च्या भावानं १,६३९ रुपये. म्हणजे ज्या माणसाचा अख्खा कोर्स 'बारीक गर्दी धरा' म्हणून आहे, तोच शेवटी तुम्हाला जाळं घेऊन समुद्रावर पाठवतो. अरे माझे सगळे गिऱ्हाईक माझ्या मोबाईलमधीच होते. ज्यानं ज्यानं चॉकी नेली त्याचा नंबर माझ्याकडं अन् माझा त्याच्याकडं 'चॉकीवाले' म्हणून सेव्ह.

हे सेव्ह असणं किती महत्त्वाचं ते कोर्समधी एका ओळीनं पण नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधी २५६ जण बसतात अन् त्यातही ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. सर म्हणतात नंबर गोळा करा, कुठूनबी करा. गोळा केलेल्या नंबरवर मेसेज जातच नाही तर काय उपयोग.

माझी पीडीएफ मलाच आली

हा भाग कोर्सच्या रिव्ह्यूत बसतो का नाही माहीत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पीडीएफ ६४ पानांची केली होती, कव्हर मस्त, आत फोटो, ग्रासरी-फ्लॅचरीसारखे अळीचे रोग, अळीवर अंडी घालणारी उझी माशी, सगळं. २२ जणांना विकली. पंधरा दिवसांनी एका रेशीमवाल्यांच्या ग्रुपमधी, जिथं मी पण आहे, माझीच पीडीएफ येऊन पडली, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असा शिक्का. अजून चार दिवसांनी अंबडकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मला खासगीत पाठवली, "दादा, ह्ये लई चांगलं हाय, वाचून घ्या, तुमच्या धंद्यात कामा यील." मी अंगठा दाखवला, दुसरं काय करणार.

त्याचा राग नाही आला खरं तर. आमच्याकडं माहिती वाटून घ्यायचीच चीज आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात १८ मेला खरीप मेळावा अन् १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा असतो, तिथं कृषी दैनंदिनी घ्यायला माणसं गर्दी करतात, एक जण दैनंदिनी आणतो अन् वर्षभर अख्खी आळी त्याच्या घरी जाऊन बघती. जिथं विद्यापीठ, रेशीम कार्यालय अन् यूट्यूब फुकट सांगू लागलंय तिथं मी ६४ पानं भरून काय वेगळं सांगितलं, हा प्रश्न मला आधी पडायला पाहिजे होता. कोर्सनं तो विचारलाच नाही. कोर्सचं उत्तर होतं, पीडीएफला पासवर्ड लावा. पासवर्ड पण फॉरवर्ड होतोय, सर.

अन् दुसरं म्हणजे ती कोणी वाचलीच नव्हती. पैसे देऊन घेणाऱ्यांनी पण. एका शेडवर गेलो तर त्या ताई म्हणल्या, "भाऊ, हाताला चुना, पाल्याचा चीक, मोबाईल कुठं धरू अन् चाळिसावं पान कुठं काढू?" बरोबर होतं. घरी येऊन त्याच रात्री सगळी काटछाट करून एका कागदाचा तक्ता केला, डावीकडं दिवस, मधी काय करायचं, उजवीकडं काय दिसलं तर मला फोन करायचा. फ्लेक्सवाल्याकडून जाड छापून लॅमिनेट करून घेतला, वर दोन भोकं, सुतळी बांधून रॅकच्या खांबाला लटकवायचा. त्याच्या डोक्यावर रिकामी जागा, तिथं मार्करनं बॅचची तारीख लिहायची, बॅच झाली की पुसायची. हा तक्ता अन् त्याच्यासोबत तारखेप्रमाणं आवाजातले मेसेज, दोन्ही मिळून १४९. तक्ता फोटो काढून फॉरवर्ड करता येतो, करतातच, पण तुमच्या तारखेचा मेसेज फॉरवर्ड करून दुसऱ्याच्या कामाचा नाही, त्याची बॅच वेगळ्या दिवसाची असती. कोर्समधला कोणताच पासवर्ड ह्याच्याइतका टिकला नाही.

घड्याळ

मूळ मुद्दा हा आहे, म्हणून शेवटाकडं ठेवलाय.

मी पण माझ्या विक्रीच्या पानावर ते लाल घड्याळ लावलं होतं. टेम्प्लेटमधी फुकट होतं, अन् घेताना माझ्यावर चाललं होतं तर लोकांवर पण चालंल असं वाटलं. पान उघडलं की दहा मिनिटांपासून उलटं मोजायला सुरुवात, बंद करून परत उघडलं की परत दहा.

जालन्याच्या बाजारात कोष घेऊन एका शेतकऱ्यासोबत गेलो होतो. २०१८ ला जालन्यात कोषाची खरेदी सुरू झाली, त्याच्या आधी आपली माणसं गाडी भरून पार रामनगरमला जायची, बंगळूरच्या पलीकडं. आता जालन्यात बीड, परभणी, संभाजीनगर, सगळीकडचे लोक भेटतात. ट्रेमधी पांढरेशुभ्र कोष, व्यापारी मूठभर उचलून कानाशी हलवून बघतोय, पोचट बाजूला काढतोय, अन् शेतकरी त्याच्या तोंडाकडं बघत उभा. लिलाव होईस्तोवर बाकीचे चहा. तिथं घनसावंगीकडचे एक काका, ज्यांना मी दोन वर्षं चॉकी देतो, चार माणसांच्या घोळक्यातून मोठ्यानं म्हणले, "काय हो चॉकीवाले, तुमचं घड्याळ बंद पडलंय का? परवा बी दहाच मिनिटं ऱ्हायली हुती, काल बी दहाच, आज पोरानं उघडलं तर आज बी दहाच. शेल देऊ का?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण तिथल्या तिथं कळलं की काय चुकलंय. सर पुण्या-मुंबईत बसून देशभरातल्या अनोळखी लोकांना विकतात, त्यांचा एक गिऱ्हाईक नाशिकचा, दुसरा रांचीचा, ते दोघं आयुष्यात एकमेकाला भेटत नाहीत, म्हणून घड्याळ चालतंय, '१०० किलो' पण चालतंय, अन् पानावरच्या खुश गिऱ्हाइकाचा जो फोटो आहे तोच बीडला एका दवाखान्याच्या फ्लेक्सवर मी बघितलाय ते पण चालतंय. माझे गिऱ्हाईक एकाच बाजारात एकाच टपरीवर चहा पितात. जेवढी गर्दी बारीक, तेवढी ती एकमेकाला ओळखती. माझ्याकडून कोणी १४९ चा तक्ता घेऊन फसला तर तो मला शिव्या देऊन थांबत नाही, तो पुढच्या बॅचची चॉकी दुसऱ्याकडून नेतो, अन् जाताना तिघांना सोबत नेतो. अण्णा भावकी म्हणले होते ते हेच, भावकीत लग्नपत्रिका चुकली तर तीन पिढ्या काढतात.

कोर्समधी ह्यावर चकार शब्द नाही. निश शोधायची ते अर्धा कोर्सभर सांगितलंय, अन् विकायचे सगळे डाव मात्र अनोळखी गर्दीवर टाकायचे. दोन वेगळ्या कोर्सची पानं एकात शिवल्यासारखं वाटतंय. घरी येऊन घड्याळ काढलं, पानच काढून टाकलं. आता तक्ता चॉकी नेतानाच दाखवतो, पाहिजे असला तर घ्या, फोनपे करा. आधी पेमेंट गेटवे लावला होता, तो १४९ मागं साडेतीन रुपये कापायचा, पैसे दोन दिवसांनी यायचे, अन् लोकांना ते पान उघडून कार्डबिर्ड बघून भ्या वाटायचं. नंबरवर पाठवून स्क्रीनशॉट टाकणं सगळ्यांना येतंय.

बाजारात नेलेले तक्ते तीन चकरात ३८ गेले, एक रुपया जाहिरातीला न घालता. कोष विकून झाल्यावर माणूस मोकळा असतो, डोक्यात पुढची बॅच असती. अन् मी कोर्सच्या शेड्यूलप्रमाणं पहिलं 'लाँच' केलं होतं मे महिन्यात, जेव्हा ४२-४३ डिग्रीत आपल्याकडं कोणी नवी बॅच घ्यायला धजत नाही. शून्य विक्री. लातूरला माझा एक वर्गमित्र नीटच्या रिपीटर पोरांना नोट्स विकतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणला, "अरे येड्या, मी जूनमधी नोट्स विकतो अन् मार्च-एप्रिलला फक्त प्रश्नपत्रिका, तवा नोट्स कोण वाचतंय?" त्यानं असला कोणताच कोर्स केलेला नाही.

मग घ्यावा का?

तुम्ही एकदम नवे असाल, कोणाला काय विकायचं काहीच ठरत नसंल, तर व्हिडिओ ३ अन् ६ कामाचे आहेत, ड्रिपचा १७वा पण. बाकी फनेल (गिऱ्हाईक पायरीपायरीनं ओढत न्यायचं), अपसेल (घेतलेल्यालाच अजून महागाचं विकायचं), 'इनर सर्कल'चे १४,९९९, ह्याच्या नादी लागू नका, ते इनर सर्कल म्हणजे एक टेलिग्राम ग्रुप आहे जिथं सगळे एकमेकाला 'माहिती कशी विकायची' हीच माहिती विकू लागलेत. सपोर्ट हिंदीत, उत्तर दोन दिवसांनी. मराठी टेम्प्लेट दिलेत पण ते मशीननं भाषांतर केलेले, एका ठिकाणी 'आपल्या वेदना बिंदूवर क्लिक करा' असं लिहिलंय, आमच्या अण्णांच्या गुडघ्याला दाखवावं म्हणतो.

पाचपैकी दोन स्टार. अर्धा अजून दिला असता पण तो टिक केलेल्या चौकोनात गेला.

परवा मेहुण्याचा फोन आला होता. त्याला म्हणलं तूच घ्यायला लावलास, तुला कसा वाटला होता कोर्स? तर हा म्हणतो, "मी कुठं घेतला दाजी, मी तर रील बघितली हुती फक्त." अन् दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच, "दाजी, तुमचा लॉगिन अन् पासवर्ड द्या की, उगं कशाला सहा हजार घालवू." अजून दिला नाही. त्याची बहीण रोज विचारू लागलीय.